पाच पानं आणि डासांचा बडग्या

परवा नागपुरात मानेवाड्याला बहिणीकडे गेले तर भाची डबल लाइनच्या वहीत 'अ' काढत बसली होती. वय साडेचार. तिसरं पान चाललं होतं आणि पानावर पाण्याचे डाग होते. "काहून रडवतेस तिला?" म्हटलं, तर बहिणीनं मोबाइलच पुढं केला. तिच्या मामेसासूंनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज, सुरुवात 'आयांनो, वेळीच सावध व्हा!' अशी. हाच मेसेज मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दोनदा आलाय.

बहिणीनं पोरीला नर्सरीत घातलं नाही. सहा पूर्ण होईपर्यंत घरीच गाणी, गोष्टी, कातरकाम, मातीकाम असं तिचं चाललं होतं, आणि छान चाललं होतं. या मेसेजनं आठ दिवसांत तिचा धीर घालवला. त्यात म्हटलंय ते असं: कात्री-गोंद हा निव्वळ टाइमपास, चार वर्षांच्या मुलाकडून रोज पाच पानं लिहून घ्या, नाहीतर पहिलीच्या प्रवेश परीक्षेत ते नापास होईल, आपले पूर्वज याच वयात अक्षरं गिरवायचे, घरी शिकवणाऱ्या पालकांना तुरुंगवास होतो, खेळातून शिकवायला हजारोंचं सामान लागतं, आणि घरी ठेवलेलं मूल एकलकोंडं होतं.

आधी ती पाच पानं. मोठ्या माणसालाही डाव्या हातानं पाच पानं 'अ' काढायला सांगा, दुसऱ्या पानाला तो वही मिटेल. लहान मुलाचा हातावरचा ताबा आधी खांद्यात येतो, मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. ती बोटं तयार होतात चिमटीच्या कामांनी: तुरीच्या शेंगा सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, जुना पेपर टराटरा फाडणं. मेसेज ज्याला टाइमपास म्हणतो तीच लिहिण्याची तयारी आहे. ती व्हायच्या आधी पेन्सिल हातात कोंबली की मूल ती मुठीत आवळतं, हात दुखतो, आणि वही दिसली की पळायला शिकतं. भाची सध्या तेवढंच शिकली आहे.

या वयाच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठ हाडांपैकी साधारण निम्मीच दिसतात, बाकी अजून कूर्चाच असते. (हाही एक्स-रे व्हॉट्सॲपवर फिरतो, खाली 'सात वर्षांपर्यंत पेन्सिल देऊच नका' असं लिहून. तीही थापच. खडू द्या, भिंत द्या, हवं ते रेघाटू द्या. फक्त पानं मोजू नका.)

माझं ऐकायचं नसेल तर सरकारचं ऐका. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा काढला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा हा दस्तऐवज सगळा खेळावर उभा आहे, आणि तीन ते सहा वयाला ठरावीक पाठ्यपुस्तकच नको, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पाठ्यपुस्तक नको म्हणतात तिथं आपण पाच पानं लिहून घेतोय.

प्रवेश परीक्षेची गोष्ट तर उलटीच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायलाच मनाई आहे. लावली तर दंड शाळेला: पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत, पुढं दर वेळी ५० हजारांपर्यंत. तुरुंगाचंही याच कायद्यात बघा. तो ६ ते १४ वयाचा, साडेचार वर्षांची पोर त्यात बसतच नाही. सहानंतर मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं, पण त्यासाठी पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. आणि बहीण सहाव्या वर्षी शाळेत घालणारच आहे, मग कसला तुरुंग बाप्पा?

पूर्वजांचा मुद्दा वाचून मला हसूच आलं. ते गिरवायचे कशावर? धूळपाटीवर. पाटीवर धूळ पसरायची, बोटानं अक्षर काढायचं, चुकलं की तळहात फिरवायचा. म्हणजे मातीत खेळणंच की! बहीण ताटात रवा पसरून हेच करत होती, तेव्हा याच मामी म्हणाल्या, "रव्याची नासाडी."

सामानाचं फार बोलत नाही. बाजारात महागडे किट आहेत, घेणारे घेतात. घरात संत्रं असतं. सोललं की फोडी मोजायच्या, चौघांत वाटायच्या, उरलेली कुणाला यावर भांडायचं. गणितही झालं.

एकलकोंडेपणाचं मात्र, नाइलाजानं, थोडं खरं आहे. दिवसभर आई आणि पोर दोघीच असतील तर आईही कावते. दुसऱ्या पोट्ट्यांशी ओढाताण, रुसवा, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे आई शिकवू शकत नाही. बहिणीला मी हे आधीही सांगितलं होतं. पण त्यावर उपाय पाच पानं कसा? संध्याकाळी खाली सोडा, अंगणवाडीत विचारा, रविवारी अंबाझरी तलावावर न्या.

यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शेजारची चार पोरं आणि भाची मिळून बडग्या करत होती. बडग्या म्हणजे नको ती पिडा घालवायला मिरवणुकीत काढायचा पुतळा, मारबत म्हणजे तसाच बाईचा. मोठ्या मारबती बघून आलेली, त्यामुळं घरचाही हवाच. बुटांचा खोका, झाडूच्या काड्या, सुतळी, बहिणीची जुनी ओढणी. हात किती लांब करायचे यावर अर्धा तास वाद. कुणाचा बडग्या, तर डासांचा, कारण सगळ्यांच्या पायांवर फोड. मग भाचीला वाटलं, पाटी हवी, नाहीतर लोकांना कळणार कसं? "मावशी, डास कसं लिहितात?" कुणी लिही म्हटलं नव्हतं. दोन अक्षरांना दहा मिनिटं लागली, जीभ बाहेर काढून. मग "घेऊन जा गे मारबत" ओरडत गल्लीभर मिरवणूक.

हे सगळं काल ग्रुपवर टाकलं, बडग्याच्या फोटोसकट. मामींचं उत्तर लगेच आलं: "पण ड उलटा काढलाय."

काढलाय. या वयात काढतातच. डबल लाइनची वही सध्या माझ्या पिशवीत आहे.