साक्याचा शोध

मामाचा फोन सकाळी साडेसहाला येतो. माझ्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला झोपून राहायचं कारणच काय, असं त्याचं म्हणणं.

"तुझ्याकडे कंप्युटर आहे ना? मग मला एक पेपर काढून दे."

मामा 84 वर्षांचा. पावसजवळ त्याची हापूसची दीडशे कलमं आहेत. बागायतदारांच्या कुठल्याशा मेळाव्यात एक साहेब बोलून गेले, की साक्यावर संशोधनाचा नवीन पेपर आलाय, वाचण्यासारखा आहे. साहेब गाडीत बसून गेले, पेपरची वाट मामा बघत बसला.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो. हापूस बाहेरून देखणा असतो, घमघमाट सुटलेला असतो आणि कापला की आत कोयीभोवतीचा गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबट. हा साका. वरून काही कळत नाही. कापल्यावर कळतं, पण कापलेला आंबा विकणार कसा?

"त्यात काय, पाच मिनिटांचं काम," मी म्हणालो. हे वाक्य मी 34 वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांना ऐकवलंय. त्याची फेड कधीतरी व्हायचीच होती.

बायकोला म्हटलं, एक पेपर शोधतोय. ती म्हणाली, "रद्दी कालच दिली."

इंग्रजीत 'साका' टाइप केलं. पानंच्या पानं आर्सेनलचा फुटबॉलपटू बुकायो साका. पोरगा खेळतो छान, मी अर्धा तास त्याचे गोलही बघितले, पण त्याला कोय नव्हती. मग साक्याचं शास्त्रीय नाव टाकलं, 'स्पंजी टिश्यू'. त्याबरोबर पडद्यावर पुरुषांच्या शरीररचनेच्या इतक्या सविस्तर आकृत्या उमटल्या, की नेमकी त्याच वेळी चहा घेऊन आलेली बायको कप ठेवून काही न बोलता निघून गेली. दुपारी तिने माझ्या तब्येतीची जरा जास्तच आपुलकीने चौकशी केली.

'अल्फान्सो' शब्द जोडून गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या फक्त संशोधनाच्या दालनात गेलो, तेव्हा गाडी ताळ्यावर आली. आणि पहिल्या झटक्यात घबाड! बेंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं काम, 'करंट सायन्स'मध्ये छापलेलं. झाडावर असतानाच फळातली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि त्यातून साका होतो, असं त्यांचं म्हणणं. 'करंट सायन्स' 1932 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक कुणालाही फुकट वाचता येतात. दहा मिनिटांत छापून घेतलं आणि ऐटीत फोन लावला.

"कोय रुजते तो ना? तो आहे माझ्याकडे. जुना झाला तो. मला नवा हवाय."

नवा सापडला. परदेशी नियतकालिक, पाच लेखक, त्यातले चार आपल्याकडचेच. खाली सारांश. साक्याने होणारं नुकसान, त्यावर आजवर झालेले प्रयत्न, उन्हाने तापलेल्या जमिनीची धग, हे सगळं त्यात व्यवस्थित होतं आणि शेवटी 'यावरील उपाय प्रस्तुत लेखात मांडले आहेत' असं म्हणून सारांश संपला. कीर्तनकाराने नेमका आख्यान रंगात आल्यावर आरतीचं ताट फिरवावं तसा. ताटावर आकडा होता 39.95 डॉलर. म्हणजे साडेतीन हजारांच्या घरात. तेवढ्यात मोसमाच्या मध्याला पाच डझनांची पेटी येते, आणि तिच्यात साका निघाला तर आंबेवाला निदान दोन आंबे बदलून देतो. इथे पेपरात साका निघाला तर कुणाकडे जायचं?

दुसऱ्या एका नियतकालिकाने तर 48 तास भाड्याने वाचायची सोय ठेवली होती. छापायचं नाही, उतरवून घ्यायचं नाही, फक्त बघायचं. म्हणजे आंबा हातात घ्या, हुंगा आणि परवा सकाळी परत करा.

'संस्थेमार्फत प्रवेश' असंही एक बटण होतं. दाबल्यावर जगभरच्या विद्यापीठांची यादी उघडली. मी आमचा ज्येष्ठ नागरिक संघ शोधून पाहिला. नव्हता.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या सरांकडे गेलो. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी आधी पेपर छापणाऱ्या प्रकाशकांच्या धंद्याची रीत समजावली आणि ती मी संध्याकाळी मामाला त्याच्या भाषेत सांगितली.

"समज, तू आंबा पिकवलास."

"समजायचं काय त्यात?"

"तो तू दलालाला फुकट दिलास. दलालाने तो दुसऱ्या बागायतदारांकडे तपासायला पाठवला. त्यांनीही फुकट तपासला."

"ते कशाला फुकट तपासतील?"

"मान असतो म्हणे. मग दलालाने त्यावर आपला शिक्का मारला आणि तो आंबा तुलाच साडेतीन हजाराला विकायला काढला. लोकांनी फुकट खावा असं तुला वाटत असेल, तर त्याचे वेगळे पैसे तूच दलालाला भरायचे. ते लाखालाखांच्या घरातही जातात."

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे वाशीचा आपला दलाल देवमाणूसच म्हणायचा." वाशीच्या दलालाबद्दल त्याच्या तोंडून साठ वर्षांत निघालेला हा पहिला बरा शब्द.

सरांची नात सरकारी कॉलेजात एमएस्सी करते. तिच्यामुळे मला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' कळलं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली योजना: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं आणि सरकारी संस्थांमधल्या पावणेदोन कोटींहून जास्त विद्यार्थी-प्राध्यापक-संशोधकांना ती वाचायची सोय. त्या पावणेदोन कोटींत मी नाही, हे ठीक. पण जो साक्यापायी दर वर्षी शिव्या खातो, तो मामाही नाही. पोरगी मात्र होती. तिने लॉगिन केलं, शोधलं आणि म्हणाली, "आजोबा, 13,000 आहेत, पण हे त्यांत नाहीये."

मग तिने माझ्या ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' नावाचं एक कुलूप बसवून दिलं. पेपर कुठे कायदेशीररीत्या फुकट ठेवलेला असेल तर कुलूप हिरवं होऊन उघडतं, नाहीतर राखाडी राहतं. आमचं राखाडी राहिलं. तरी मी ते दिवसभर इकडेतिकडे लावून बघत होतो. मधमाश्यांच्या नाचावरचा एक पेपर हिरवा निघाला, तो वाचलाही. निवृत्त माणसाला हिरव्या कुलपाचं व्यसन लागायला वेळ लागत नाही.

जाता जाता तिने आवाज खाली आणून एका साइटचं नाव घेतलं, जिच्या बोधचिन्हात चोचीत किल्ली धरलेला कावळा असतो. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाकियानने 2011 मध्ये सुरू केलेलं, प्रकाशकांना न विचारता त्यांचे पेपर फुकट वाटणारं ते सायहब. बड्या प्रकाशकांनी तिच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात खटला भरलाय. हे ऐकल्यावर माझ्यातला बँकवाला जागा झाला. 34 वर्षं लेखापरीक्षणाला भिऊन काढलेला माणूस या वयात कावळ्याच्या नादी लागत नाही.

"अहो, मग लेखकालाच लिहा की," सर म्हणाले. त्यांच्या काळी त्यासाठी छापील पोस्टकार्डं असायची: 'आपल्या अमुक लेखाची एक प्रत कृपया पाठवावी.' कार्ड गेलं की दोनेक महिन्यांनी परदेशातून लिफाफा यायचा. "पेपर मी वाचायचो, तिकिटं मुलगा जमवायचा. पेपरांचं काय झालं माहीत नाही, तिकिटांचा आल्बम अजून आहे."

लेखकांच्या नावांपैकी एकाजवळ बारीक पाकिटाचं चित्र होतं. त्या पत्त्यावर मेल टाकला. लगेच परत आला, साहेब बहुतेक बदलून गेले असावेत. दुसऱ्या लेखिकेचा पत्ता शोधून तिला लिहिलं: मामा, दीडशे कलमं, साका. मी पोळी खाऊन उठेपर्यंत उत्तर हजर! सोबत पेपर, न मागता आणखी एक पेपर आणि वर तिचेच प्रश्न: बागेत साक्याचं प्रमाण किती? कलमाखाली पालापाचोळा पसरता का? फळ किती आण्यांवर, म्हणजे कितपत तयार झाल्यावर उतरवता? तीन आठवडे मी ज्या दाराला धडका देत होतो, त्यामागची बाई कुणी येतंय का म्हणून आत वाट बघत बसली होती.

अकरा पानं छापून मामाला कुरिअर केली. त्याचं इंग्रजी जुन्या अकरावीचं, म्हणजे माझ्यापेक्षा चांगलं. आठवडाभर काही आवाज नाही. मग सकाळी साडेसहाला फोन.

"वाचला. बरा आहे. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात यादी दिलीय बघ दुसऱ्या पेपरांची."

"बरं मग?"

"त्यातले 4, 17, 23 आणि 31 एवढे काढ. घाई नाही, दुपारपर्यंत चालेल."