सात दिवसांत लिव्हर साफ करणारा तो मेसेज, मुद्द्यामुद्द्याने

तो मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. सात दिवस जेवण बंद, नुसता उसाचा रस आणि फळांचा ज्यूस, रोज अनशापोटी गुळवेलीचा काढा, सातव्या रात्री अर्धा कप ऑलिव्ह ऑइलमध्ये लिंबू पिळून प्यायचं, सकाळी हिरवे खडे पडणार आणि लिव्हर नव्यासारखं. वर दोन टिपा: दारू न पिणाऱ्याला काळजी नको, आणि लिव्हर बिघडलंच असेल तर डाळ-अंडी-पनीर एकदम बंद. खाली नेहमीप्रमाणे पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल. आता एकेक घेऊया, कारण यातल्या एकदोन गोष्टींनी जीव वाचायच्या ऐवजी जाऊ शकतो.

"दारू नाही तर लिव्हरला काही होत नाही"

एम्सच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये भारतातले अभ्यास एकत्र करून बघितले तर मोठ्या माणसांत साधारण ३८ टक्के लोकांना दारूशी संबंध नसलेलं फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं, निघालं. म्हणजे घरात चारपाच मोठी माणसं असतील तर एखाददुसऱ्याच्या सोनोग्राफीत 'ग्रेड वन' लिहून येणारच, मग तो माळकरी का असेना. मूळ कारण इन्सुलिन नीट काम न करणं, पोटावरची चरबी, शुगर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी. २०२३ मध्ये तर या आजाराचं जगभरातलं नावच बदललं आणि त्यात 'मेटाबॉलिक' म्हणजे चयापचयाशी संबंधित असा शब्द घातला. आणि हो, हे फक्त जाड लोकांचं नाही, आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे अशी माणसं भरपूर, भारतीयांसाठी कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं, वजनकाटा काही म्हणो. याचा अर्थ दारूला सूट मिळाली असा नाही हां, आधीच फॅटी असलेल्या लिव्हरला ती डबल मार देते.

"सात दिवस नुसता रस"

हा तर कळसच. लिव्हरमध्ये चरबी कशामुळे साठते तर जास्तीच्या कॅलरीमुळे, आणि त्यात साखर पुढे, कारण साखरेतलं आणि फळांतलं फ्रुक्टोज मुख्यतः लिव्हरमध्येच जातं आणि जास्त झालं की तिथेच त्याची चरबी बनते. रसवंतीच्या एका ग्लासात तीसेक ग्रॅम साखर सहज असते, असे दिवसाला चारपाच ग्लास म्हणजे चरबी काढायला निघालात की भरायला? शुगर असलेल्या माणसाने हे केलं तर काय होईल ते सांगायलाच नको. वर उपासमारीने वजन झपाट्याने उतरलं की लिव्हरची सूज वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होतात ते वेगळंच.

खरा उपाय कंटाळवाणा आहे म्हणून फॉरवर्ड होत नाही. वजन ५ टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्के उतरलं की सूजही कमी होते. ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो, तेही आठवड्याला अर्धा ते एक किलो या बेताने. गोड चहा, बिस्किटं, खारी, फरसाण, कोल्ड्रिंक कमी, पोहे-साबुदाण्याच्या डोंगराऐवजी भाकरी, उसळ, भाजी, ताक, आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं. फळं खा की, पण चावून खा. बिनसाखरेच्या कॉफीने फायदा होताना दिसलाय, आपली दूध-साखरेची घट्ट कॉफी त्यात मोजू नका.

"गुळवेल नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही"

इथे जरा थांबा. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळत होते तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की दुसरीच, गुळवेलीसारखी दिसणारी वेल असणार. त्यानंतर २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला, त्यात नमुने तपासले तर ती गुळवेलच निघाली. बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हेपटायटिससारखं चित्र होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटलेली. थायरॉइड किंवा शुगर असलेल्यांचा त्यात भरणा होता. काढा घेणाऱ्या प्रत्येकाला असं होतं असं मुळीच नाही, पण लिव्हर आधीच बिघडलेल्या माणसाला हे रोज प्या म्हणून सांगणं म्हणजे बेजबाबदारपणा. हळदीच्या कॅप्सूलचंही तेच, विशेषतः मिरीचा अर्क घातलेल्या, त्यानेही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली चमचाभर हळद निवांत खा.

"हिरवे खडे पडतात"

पडतात, खरंय! पण ते साबणाचे गोळे असतात. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका बाईंचे 'खडे' तपासल्याचं आलं होतं, ते ४० डिग्रीला वितळले आणि त्यात कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काही नव्हतं, तेल आणि लिंबाचा रस पोटात मिसळून तयार झालेले. लिव्हर म्हणजे चहाची गाळणी नाही, धुतली की झालं असं व्हायला. आणि खरेच खडे असतील तर ते पित्ताशयात असतात, एवढं तेल ढोसल्यावर एखादा नळीत अडकला की थेट इमर्जन्सी.

"डाळ-अंडी बंद"

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर कडक आणि निकामी होत चाललेल्या, पेशंटला घरचेच प्रेमाने उपाशी ठेवतात. पूर्वी डॉक्टरही प्रोटीन कमी करायला सांगायचे, भीती अशी की प्रोटीनमधून तयार होणारा अमोनिया रक्तात वाढून पेशंट बरळायला लागेल. पण अमोनिया निपटायला स्नायूही मदत करतात, ते झडले की उलट जास्त त्रास. आता सिरॉसिसमध्ये वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन सांगतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळी, दूध, दही, पनीर, अंडी सगळं चालतं. शिवाय अशा पेशंटने जास्त वेळ उपाशी राहायचं नाही, झोपण्यापूर्वी दूध-पोळी किंवा असंच काहीतरी खायचंच, कारण लिव्हरमध्ये रात्रभर पुरेल एवढा साठा नसतो आणि मग शरीर स्नायू खायला घेतं. बंद करायचंच असेल तर पोटात पाणी झालेल्याचं लोणचं आणि पापड बंद करा, मीठ त्याला खरंच नडतं.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही पण कमेंटवाले हमखास टाकतात, "माझं एसजीपीटी नॉर्मल आलंय", म्हणजे लिव्हरची नेहमीची रक्ततपासणी. ते नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असू शकतं, सिरॉसिससुद्धा. डॉक्टरांना फिब-४ काढायला सांगा, लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज देणारा हा आकडा वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्या चार आकड्यांतून निघतो, आणि तो १.३ च्या वर आला तर फायब्रोस्कॅनचं, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचं, विचारा.