घरटॅक्स वाढला म्हणून दुकान बंद पडत नाही
नागपूरच्या व्यापाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: “जीएसटी भरतोच. वर मनपाने घरटॅक्स वाढवला तर बर्डी-इतवारीतली दुकानं बंद होतील. सोयी तर काहीच नाहीत. भरणं थांबवा.” घरटॅक्स म्हणजे मालमत्ता कर, तो दुकानांनाही लागतो. धंद्यातली ओढाताण मला मान्य आहे, पण मेसेजमधला हा हिशेब मान्य नाही.

आधी जीएसटी. २०१३ मध्ये नागपुरात जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांना तोही माफ झाला. जुलै २०१७ पासून लागू झालेला जीएसटी केंद्र आणि राज्याकडे जातो. एलबीटी गेल्याबद्दल मनपाला राज्य भरपाई देतं, वर्षाला ठरलेल्या ८ टक्के वाढीने. गांधीबागेत कापड दुप्पट खपलं तरी ती भरपाई त्याहून जास्त वाढत नाही. शहराच्या हातात राहिलेला मोठा कर म्हणजे घरटॅक्स.

दुकानं बंद होतील? समजा, गाळ्याचा टॅक्स वर्षाला २४,००० आहे आणि तो २० टक्क्यांनी वाढला. महिन्याला ४०० रुपये जास्त. धंद्याच्या जागेचा भरलेला टॅक्स आयकरात खर्च म्हणून वजा होतो, तो भाग वेगळाच. आता मेसेजचा सल्ला ऐका आणि भरू नका: थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे २८,८०० वर महिन्याला ५७६ रुपये. वाढीपेक्षा बहिष्कारच महाग पडतो, आणि मूळ रक्कम डोक्यावर राहतेच.

सोयींबद्दलचा राग रास्त आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या घरादुकानांत पाणी शिरलं, ते कोण विसरेल? पण नाले उपसायला, अग्निशमनच्या गाड्या चालवायला पैसा या टॅक्समधूनही येतो. तो अडवून नाला साफ होणार नाही. कुठे खर्च झाला ते झोन ऑफिसात जाऊन विचारा, माहिती अधिकारात मागा.

भांडायचंच असेल तर बिल नीट वाचा. शिक्षण उपकर आणि दुकानांवर लागणारा रोजगार हमी उपकर राज्याचे आहेत, मनपा फक्त वसूल करते. ते कमी हवे असतील तर आमदाराला धरा. खरा अन्याय चुकीच्या कर आकारणीत होतो: पोटमाळा दुकान म्हणून धरला, राहती खोली व्यावसायिक दाखवली. असं असेल तर नोटिशीतली मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि सुनावणीला नकाशा घेऊन स्वतः हजर राहा.