झीरो-झीरो सीट होती, मग पायलट गेला कसा?

सातारच्या सैनिक स्कूलला 1961 पासूनची परंपरा, त्यामुळे एनडीएची तयारी करणारी पोरं इथे गल्लोगल्ली. त्यांच्या फोनवर एक मेसेज फिरतोय: ‘प्रत्येक ट्रेनर जेटला झीरो-झीरो सीट असते. बटण दाबलं की पायलट कुठूनही सुखरूप बाहेर. जो वाचला नाही, तो घाबरून थांबला. आणि एकदा इजेक्ट झालं की पुन्हा उडता येत नाही.’ झीरो-झीरो म्हणजे शून्य उंचीवर, शून्य वेगातही पायलटला विमानाबाहेर फेकून वाचवणारी इजेक्शन सीट. मेसेजमध्ये चार वाक्यं, चारही चुकीची.

‘प्रत्येक ट्रेनर’ इथेच गाडी घसरते. हॉक या ट्रेनर जेटमध्ये मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीची मार्क 10 सीट आहे, ती झीरो-झीरो. पण हवाई दलाच्या कित्येक पिढ्या ज्या किरणवर शिकल्या, त्याच्या मार्क 4 सीटला जमिनीलगत किमान 90 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 165 किलोमीटर वेग लागतो. उभ्या किरणमधून इजेक्ट होणं म्हणजे पॅराशूट उघडायच्या आत जमीन.

बटण तर नसतंच. मांड्यांच्या मध्ये काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं हँडल असतं, ते वर ओढायचं. डोकं मागे टेकलेलं आणि पाठ ताठ हवी. वाकून ओढलं तर मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका वाढतो. हॉकमध्ये कॅनॉपीवरची, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरची, स्फोटक दोरी काच फोडते, त्यातून सीट बाहेर पडते.

‘कुठूनही’ हा सगळ्यात घातक शब्द. झीरो-झीरोची हमी सरळ उभ्या, खाली न जाणाऱ्या विमानापुरती. विमान सेकंदाला 40 मीटरने खाली येत असेल, तर सीटने वर दिलेल्या वेगातून ते 40 वजा होतात, आणि पॅराशूट भरायला दोन-तीन सेकंद लागतात. 90 अंश कलंडलेल्या विमानातून सीट वर नाही, आडवी जाते. उंचावर उलटा प्रकार: बॅरोस्टॅट, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची ओळखणारं यंत्र, सुमारे 3,000 मीटरच्या खाली आल्याशिवाय मुख्य पॅराशूट सोडत नाही. अजिंक्यताऱ्याच्या माथ्याच्या तिप्पट उंची ही.

आता ‘घाबरून थांबला’. 8 नोव्हेंबर 2011, ब्रिटनचा स्कॅम्प्टन तळ, तिथल्या हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या रेड ॲरोज पथकाचं हॉक जमिनीवर उभं. पायलटचा हेतू नसताना सीट सुटली. हँडल खाचेत नीट बसलेलं नव्हतं, तरी सेफ्टी पिन आत जात होती, म्हणून पाहणाऱ्याला सीट सेफच वाटावी. सीट वर गेली, छोटं ड्रोग पॅराशूट बाहेर आलं. इथून पुढे ड्रोगला सीटशी धरून ठेवणारा शॅकल, म्हणजे जोडकडी, उघडायचा आणि ड्रोगने मुख्य पॅराशूट ओढून काढायचं. पण शॅकलचा नट प्रमाणाबाहेर आवळलेला, जबडे चिमटून बसले. मुख्य पॅराशूट उघडलंच नाही, पायलट गेला. विमान शून्य उंचीवर, शून्य वेगात, सीट झीरो-झीरो. 2018 मध्ये मार्टिन-बेकरला 11 लाख पौंड दंड झाला. पिन दिसली म्हणजे काम झालं असं नाही. आधी हँडल पूर्ण खाली बसलंय का, ते बघायचं.

पुन्हा उडण्याबद्दल: इजेक्ट झाल्यावर मणक्याची तपासणी होते, वैद्यकीय मंडळ निर्णय देतं. इजेक्ट होऊन पुन्हा कॉकपिटमध्ये बसलेले पायलट भरपूर आहेत.