'प्लॅसर' म्हणजे प्रसाद नव्हे, आत्या!

नदीच्या गाळात वाहून आलेल्या सोन्याच्या साठ्याला 'प्लॅसर' म्हणतात. त्यावरचा एक फॉरवर्ड आत्यानं घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मी गप्प बसलो. पण भाच्यानं तो भूगोलाच्या प्रकल्पवहीत उतरवला! त्याचा मजकूर असा: वाळूत सोनं बघून स्पॅनिश लोकांना आनंद झाला, म्हणून 'प्लासेर' म्हणजे आनंद, मूळ शब्द आपला 'प्रसाद', आणि भीमेच्या वाळूतही सोनं आहे, ते दडवलं जातंय.

आनंदाचं आधी बघू. 'प्लासेर' म्हणजे आनंद, हे खरंय. पण स्पॅनिश राजअकादमीच्या कोशात हे दोन वेगळे शब्द आहेत, नोंदीही वेगळ्या. आनंदाचा शब्द लॅटिन 'प्लाकेरे'वरून आलेला. वाळूचा आलाय कातालान भाषेतून, 'प्लासा' म्हणजे चौक, यावरून. त्याचा पहिला अर्थ समुद्रतळावरचा सपाट, ऐसपैस वाळूचा पट्टा. मग पाण्यानं सोन्याचे कण आणून टाकलेली वाळू. आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर मोती काढायची जागासुद्धा. जिथं जहाज रुततं त्या जागेला खलाशी आनंद कशाला म्हणतील? गळ्यातली माळ आणि आपल्या सोलापूरचा माळ सारखेच ऐकू येतात, म्हणून माळावर कुणी फुलं ओवत बसतं का?

'प्रसाद' तर 'सद्' धातूचा, त्याचा इथं संबंधच नाही. आता एवढं मात्र कबूल करावं लागेल: 'प्लासा'च्या मागे लॅटिन 'प्लातेआ', त्यामागे रुंद या अर्थाचा ग्रीक 'प्लातुस', आणि त्याचा भाऊबंद संस्कृत 'पृथु'. म्हणजे नातं आहे, पण चुलत. जुना भारतीय शब्दच हवा असेल तर महाभारताच्या सभापर्वात 'पिपीलिक' आहे, मुंग्यांनी उकरून काढलेलं सोनं. तो फॉरवर्डवाल्यांना दिसत नाही.

भीमेचं थोडक्यात. ती उगमापासून इथवर काळ्या बसाल्टवरूनच येते. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत, तर वाळूत सोनं येणार कुठनं? रायचूरकडं हुट्टीला सोनं आहे, पण ते वेगळ्या, कितीतरी जुन्या खडकात, तेही खाण खणून काढतात. भीमेच्या वाळूचं सोनं करणारे आहेत म्हणा, पण ते रात्री ट्रक भरतात.

सोनं धुणारा माणूस बघायचाच असेल तर सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून नेणारा झारेकरी बघा. ती धूळ तो पाण्यात घोळवतो; माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. प्लॅसरमध्ये नदी हेच करते. भाच्याला ते पान फाडून हे लिहायला लावलंय.