‘वेगळा वर्ग म्हणजे लाड’ म्हणणाऱ्यांना

शाळेत जायला नकार देणाऱ्या मुलांबद्दल एक मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे ही नाटकं आहेत, चार दिवस ओढत नेलं की सुटतात. अशा मुलांना नेहमीच्या वर्गाऐवजी शाळेतच बसवतात तो वेगळा वर्ग म्हणजे आळसाला बक्षीस. त्यांचं बघून बाकीचीही तेच करतील. आणि तिथे बसलेलं मूल नेहमीच्या वर्गात कधीच परतत नाही. अशाच वर्गावर मी शिकवते, म्हणून लिहिते.

सकाळी पोटात कळ येते, उलटी होते आणि आज शाळा नाही म्हटलं की तासाभरात मूल खेळायला लागतं. हाच नाटकाचा पुरावा मानतात. पण भीतीने दुखणारं पोट भीती टळली की थांबणारच! ते दुखणं खरंच असतं.

ओढून नेण्याआधी कारण शोधा. क्रिस्टोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी चार कारणं मांडली: शाळेतल्या कशाची तरी धास्ती, चारचौघांत किंवा परीक्षेत फजिती होण्याची भीती, आईबाबांजवळच राहण्याची ओढ आणि बाहेरची मजा. शेवटच्या कारणाला शिस्त लागू पडेलही. पण वर्गात ज्याचा छळ होतोय, त्याला ओढत नेऊन आपण छळणाऱ्यांच्याच हवाली करतो.

आळसाचं म्हणाल तर जपानने २०१६ साली अशा मुलांच्या शिक्षणासाठी केलेल्या कायद्यात त्यांच्या विश्रांतीची गरजही नमूद आहे. आणि बघून बिघडण्याचं? मधल्या सुट्टीत मित्रांपासून लांब बसण्याचा हेवा कुठल्याच मुलाला वाटत नाही.

परतण्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. शाळा टाळली की लगेच हायसं वाटतं आणि त्याचीच सवय लागते. घरी जितके दिवस जातात, तितकं परतणं जड होतं. म्हणून तर मधली पायरी हवी. अडगळीच्या खोलीत नुसते स्वाध्याय देऊन बसवलं, वर्गशिक्षक कधी डोकावलेच नाहीत, तर मूल तिथेच अडकतं, हे मला मान्य आहे. तो दोष तसा वर्ग चालवणाऱ्यांचा.

माझ्याकडची एक मुलगी पहिल्या आठवड्यात दाराजवळच्या खुर्चीवर, दप्तर पाठीवर तसंच ठेवून, रोज वीस मिनिटं बसायची. तिसऱ्या आठवड्यात तिने दप्तर उतरवलं. मी काहीच बोलले नाही, फळ्यावर लिहीत राहिले. पुढे चित्रकलेच्या तासाला ती आपल्या वर्गात गेली; मैत्रिणीने शेजारची जागा धरून ठेवली होती. आता मराठी आणि विज्ञानालाही जाते. गणिताच्या तासाला अजून माझ्याकडेच असते.