वितळणारा स्नोमॅन आणि रडणारी मुलगी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'द स्नोमॅन' या ब्रिटिश अॅनिमेशनपटावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या सहा वर्षांच्या मुलीने हा चित्रपट रंगून जाऊन पाहिला आणि शेवटी स्नोमॅन वितळलेला बघून ती झोपेपर्यंत रडत राहिली. सणासुदीला मुलांच्या पदरात असं दुःख कशाला घालायचं, असं तुम्ही विचारता. त्यात संवाद नाहीत, बोध नाही, वितळलेल्या मित्राबद्दल कुणी मोठं माणूस त्या मुलाला चार शब्दही सांगत नाही. मग हा चित्रपट मुलांसाठी 'अर्थपूर्ण' कसा?

तुमची तक्रार मला मनापासून कळते. लेकरू हुंदके देत असताना चित्रपटाचं कौतुक सुचत नाही. तरीही माझं मत तेच आहे, आणि त्याची कारणं इथे नीट मांडायला हवीत.

आधी शेवटाबद्दल. तो मुलांना फसवून आणलेला नाही. छोटा जेम्स आपण बनवलेल्या, रात्री जिवंत झालेल्या स्नोमॅनला, म्हणजे बर्फाच्या माणसाला, घरात आणतो तेव्हापासून चित्रपट आपल्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवत असतो: याला ऊब सोसत नाही. शेकोटीपासून तो मागे सरतो. मोटरसायकलवरून रानात भटकताना इंजिनाच्या उष्णतेने त्याचे पाय वितळू लागतात, आणि मग तो फ्रीझरमध्ये शिरून गारवा घेतो. मुलं या प्रसंगांना खळखळून हसतात, पण हसता हसता त्यांना कळलेलं असतं की आपला हा मित्र नाजूक आहे. म्हणून सकाळी हिरवळीवर टोपी, मफलर, कोळशाचे तुकडे आणि नाकाचं संत्रं एवढंच उरलेलं दिसतं, तेव्हा काय झालं हे त्यांना विचारावं लागत नाही. तुमची मुलगी गोंधळली म्हणून रडली नाही. तिला सगळं समजलं म्हणून रडली.

संवाद नसण्याचंही असंच. सुरुवातीचं छोटं निवेदन सोडलं, तर सव्वीस मिनिटांच्या या चित्रपटात शब्द येतात ते फक्त जेम्स आणि स्नोमॅन आकाशात उडतात तेव्हाच्या गाण्यात. बाकी सगळं हॉवर्ड ब्लेक यांचं संगीत आणि चेहऱ्यांवरचे भाव. (ते गाणं अनेकांना अॅलेड जोन्सच्या आवाजात आठवतं, पण त्याची ध्वनिमुद्रिका १९८५ची. चित्रपटात गायला आहे तो लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या गायकवृंदातला मुलगा, पीटर ऑटी.) शब्द नसल्यामुळे पाच वर्षांचं मूल आणि पन्नाशीतलं माणूस एकाच पायरीवर बसून बघतात. कुणी कुणाला समजावून सांगायचं नाही. लहान मुलांच्या वाट्याला अशी बरोबरी फार क्वचित येते. त्यांच्यासाठी केलेल्या बहुतेक गोष्टींत कुणीतरी सतत बोलत असतं, काय वाटून घ्यायचं हेही सांगत असतं.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मूळ पुस्तकाची गोष्ट. रेमंड ब्रिग्ज यांचं हे चित्रपुस्तक १९७८ सालचं. त्यात एकही शब्द नाही, आणि ख्रिसमसही नाही! सांताक्लॉज, उत्तर ध्रुवावरचा स्नोमॅनांचा नाच, हे सगळं चित्रपटासाठी जोडलेलं आहे. पुस्तकाच्या शेवटच्या चित्रात मुलगा वितळलेल्या ढिगाऱ्यासमोर उभा आहे, बस्स. पुस्तकाआधीच्या काही वर्षांत ब्रिग्ज यांनी १९७१ साली आई आणि वडील दोघांना, आणि १९७३ साली पत्नीला गमावलं होतं. पुस्तक त्यावरच बेतलेलं आहे असा माझा दावा नाही. पण जे जन्माला येतं ते जातं, त्यात अभद्र असं काही नाही, ही भूमिका त्यांनी पुढे मुलाखतींतही मांडली. मुलांपासून ही गोष्ट दडवावी असं त्यांना वाटत नव्हतं.

आता चित्रपटाने काय केलं ते पाहा. डायॅन जॅक्सन यांच्या दिग्दर्शनाखाली तो १९८२च्या ख्रिसमसमध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर पहिल्यांदा दाखवला गेला. सणासाठी गोष्ट लांबवताना शेवट बदलून स्नोमॅनला जिवंत ठेवणं सहज शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही. त्याऐवजी सांताक्लॉज जेम्सला एक मफलर भेट देतो, आणि शेवटच्या दृश्यात गुडघ्यांवर बसलेल्या जेम्सच्या खिशातून तोच मफलर निघतो. रात्र खरी होती. मित्र गेला, पण तो होता, हे खोटं ठरत नाही. तुम्ही बोध नाही म्हणता. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू हातात घेऊन बसलेलं कुणी तुम्ही पाहिलं असेल, तर हा मफलर काय बोलतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सणाचाच दिवस का, हा तुमचा मुद्दा उरतो. माझ्या मते सणाच्या दिवशी मुलांच्या सोबतीला सगळी घरची माणसं असतात. पहिल्यांदा असं काही वाटावं आणि जवळ कुशी असावी, याहून चांगली वेळ कोणती? त्या रात्री तुम्ही तिच्याजवळ होता, हे तुमच्याच प्रतिक्रियेत आहे.

एक गोष्ट मात्र मान्य. प्रत्येक मुलाची तयारी वेगळी असते, आणि अगदी लहान मुलाला एकट्याने हा चित्रपट लावून देऊ नये. नुकतंच कुणी गेलं असेल अशा घरात तर आधी मोठ्यांनी पाहावा.

तुमच्या मुलीला थोडं हळुवार काही दाखवायचं असेल, तर २०१२ सालचा 'द स्नोमॅन अँड द स्नोडॉग' आहे. त्यात नवा मुलगा त्याच घरात राहायला येतो, त्याचा कुत्रा मरतो, आणि जमिनीच्या फळ्यांखाली त्याला जुन्या स्नोमॅनचं सामान सापडतं. स्नोमॅन याही वेळी वितळतो, पण त्याच्यासोबत बनवलेला बर्फाचा कुत्रा राहतो. मला पहिलाच जास्त आवडतो. पण तिने दोन्ही पाहिले, तर तिला कुठला जवळचा वाटला ते मला जरूर कळवा. तिने 'तो कुठे गेला?' असं विचारलं, तर 'वितळला' एवढंच खरं उत्तर द्या, आणि पुढे ती काय म्हणते ते ऐका.